अक्षर हातीं धरणारें मन

शास्त्रपाठ : मार्क ३:१-६, २ करिंथ ३:६



सभास्थानांत एक मनुष्य बसला आहे. त्याचा हात वाळून गेला आहे. मार्कानें त्याचें नांव दिलें नाहीं, गांव दिलें नाहीं. लूकानें मात्र तो हात उजवा होता एवढें टिपून ठेविलें आहे. ज्याचा उजवा हात गेला त्याचें पोट गेलें, हें शेतांत राबणाऱ्या माणसास समजावून सांगावें लागत नाहीं. त्याच सभास्थानांत दुसरेहि कांहीं लोक बसले आहेत. त्यांचे हात धडधाकट आहेत, आणि त्यांचे डोळे त्या वाळलेल्या हाताकडे नसून येशूकडे लागले आहेत. हा आज शब्बाथ दिवशीं याला बरें करितो कीं काय, हें ते पाहात आहेत. बरें केलें कीं आरोप ठेवावयास ते मोकळे.

प्रभूनें काय केलें? त्यानें त्या माणसाला उठवून सर्वांच्या मध्यें उभें केलें, आणि मग प्रश्न केला : शब्बाथ दिवशीं बरें करणें योग्य कीं वाईट करणें, जीव वांचविणें योग्य कीं जीव घेणें? कोणी बोलेना. मार्क सांगतो कीं तेव्हां प्रभूनें त्यांच्याकडे रागानें पाहिलें आणि त्याच वेळीं त्याला दुःखहि झालें. राग व दुःख कशाचें? नियमशास्त्राचें नव्हे, तें तर त्याच्या पित्याचें होतें. त्यांच्या अंतःकरणाच्या कठीणपणाचें. हात बरा झाला, आणि परूशी बाहेर पडून लागलेच हेरोदीयांबरोबर त्याचा घात करण्याची मसलत करूं लागले. बंधुजनहो, हा दिवस कोणता तें विसरूं नका. सूर्य अद्याप मावळला नव्हता. वाळलेला हात बरा करणें हा शब्बाथाचा भंग, आणि माणूस मारण्याचा बेत करणें हा मात्र भंग नव्हे!

पौल करिंथकरांस लिहितो कीं नुसतें अक्षर मारून टाकणारें आहे, आणि जीवन येतें तें आत्म्यापासून. हें वचन आपण पुष्कळ वेळां ऐकिलें आहे. तरी मला एक शंका येत असे. शाईचा डाग कोणाला कसा मारील? अक्षर स्वतः कोणास धरीत नाहीं. मन अक्षराला धरितें. तर मग मन तें इतकें घट्ट कां धरितें, आणि धरितांना त्या मनांत काय चाललेलें असतें, याविषयीं आज तुमच्याशीं बोलावें असा माझा हेतु आहे.

आरंभींच एक सांगितलें पाहिजे. अक्षर धरणारा प्रत्येक मनुष्य ढोंगी असतो असें समजूं नका. मक्काबींचें पहिलें पुस्तक आपल्या पवित्र शास्त्रांत नाहीं, पण इतिहास म्हणून तें मोलाचें आहे. ख्रिस्तापूर्वी १६७ च्या सुमारास अंत्युखस राजानें यहूद्यांचा धर्म बुडविण्याचा प्रयत्न चालविला, तेव्हां कांहीं भाविक लोक बायकामुलें व गुरेंढोरें घेऊन रानांतल्या गुहांत जाऊन राहिले. राजाच्या सैन्यानें त्यांच्यावर शब्बाथाच्या दिवशीं चाल केली. त्यांनीं धोंडाहि उचलला नाहीं, गुहेचें तोंडहि बंद केलें नाहीं, कारण तो दिवस कामाचा नव्हता. सुमारें एक हजार जीव तेथें मेले. या लोकांस कोण हंसेल? त्यांनीं आज्ञेवर प्राणापलीकडे प्रीति केली. परंतु त्यांच्यासाठीं शोक केल्यावर मत्तथ्या व त्याचे सोबती एकत्र बसले आणि म्हणाले, आपण सर्वच असें करूं लागलों तर शब्बाथ पाळावयास पृथ्वीवर कोणी उरणारच नाहीं. तेव्हां कोणी चालून आल्यास शब्बाथाच्या दिवशींहि आपला बचाव करावा. मत्तथ्याची आज्ञेवरची प्रीति त्या मेलेल्यांपेक्षां कमी नव्हती.

अशी प्रीति आपल्या मंडळ्यांतहि आहे, आणि तिचें कारण मला ठाऊक आहे. आपल्यापैकीं पुष्कळांच्या आज्यापणज्यांस अक्षर शिवूं दिलें जात नसे. ग्रंथ होते ते दुसऱ्यांच्या घरांत, आणि त्यांत काय लिहिलें आहे तें दुसऱ्यांच्या तोंडून ऐकावयाचें. अशा घरांत जेव्हां पहिल्यानें शुभवर्तमानाचें पुस्तक आलें आणि एखाद्या पोरानें चिमणीच्या उजेडांत बोट ठेवून एकेक शब्द वाचून दाखविला, तेव्हां त्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी आलें. ज्याला तें अक्षर इतकें उशिरां व इतक्या कष्टानें मिळालें, तो त्याचा एक कानाहि हालूं देणार नाहीं. ‘साहेब, लिहिलें आहे तेंच सांगा, तुमचें नको,’ असें एक वृद्ध ख्रिस्ती बंधु नव्या उपदेशकांस बजावीत असत. त्यांच्या या बोलण्यांत हट्ट असेल, पण त्याच्या बुडाशीं पिढ्यांचा अनुभव आहे. अर्थ सांगणाऱ्यांनीं ज्यांना वारंवार फसविलें ते लोक अर्थाला भितात आणि अक्षराला बिलगतात.

आतां हेंच अक्षर बळवंताच्या हातीं गेलें म्हणजे काय होतें तें आपल्याच मुलुखांत घडलेलें आहे. १८५९ सालीं मुदतीचा कायदा झाला. साध्या रोख्यावरची फिर्याद तीन वर्षांच्या आंत आणावी असें त्यानें ठरविलें. हेतु चांगला होता. जुनें कर्ज माणसाच्या मानेवर कायमचें बसूं नये. परंतु सावकारानें काय केलें? दर तीन वर्षांनीं कुणब्यास बोलावून, व्याज मुद्दलांत मिळवून, नवा रोखा लिहून घ्यावयाचा. कुणब्याला वाचतां येत नसे. तो कागदाच्या खालीं नांगराची निशाणी करी आणि घरीं जाई. शंभराचे दोनशें केव्हां झाले, दोनशेंचे चारशें केव्हां झाले, हें त्याला कळत नसे. मग एके दिवशीं कोर्टाचा हुकूमनामा येई. न्यायाधीश दुष्ट होता असें नव्हे. त्याच्यापुढें रोखा होता, रोख्यावर आंकडा होता, खालीं निशाणी होती. आणि कुणबी बहुधा हजर नसे. कागद जें बोलला तें न्यायाधीशानें मान्य केलें. ता. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें बाजाराच्या दिवशीं लोक उठले आणि त्यांनीं सावकारांच्या वह्या व रोखे ओढून काढून त्यांची होळी केली. पुढें कित्येक गांवीं तेंच झालें. ध्यानांत घ्या, बहुतेक ठिकाणीं रोखे हातीं आल्यावर माणसांच्या अंगाला कोणी हात लाविला नाहीं. त्यांचें भांडण त्या कागदाशीं होतें.

यानंतर सरकारनें चौकशी केली, आणि १८७९ सालीं पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांतील शेतकऱ्यांसाठीं एक नवा कायदा झाला. त्यांतील मुख्य कलमाचा आशय असा होता कीं न्यायाधीशानें रोख्यावरच थांबूं नये. रोख्याच्या मागें जाऊन, कर्ज मुळांत किती होतें, हातीं काय पडलें, परत काय केलें, या सर्व व्यवहाराचा इतिहास पाहावा. शिवाय प्रतिवादी शेतकऱ्यास समक्ष बोलावून त्याची जबानी घ्यावी. त्या कायद्यांतहि पुढें पळवाटा निघाल्या, तो इतिहास लांब आहे. परंतु कागदामागें उभ्या असलेल्या माणसाला पुढें बोलवा, ही गोष्ट एका कायद्यानेंच न्यायाधीशास सांगितली, याचें मला राहून राहून नवल वाटतें.

मनाचा आणखी एक स्वभाव आहे, तो लहान मुलांत स्पष्ट दिसतो. स्वित्झर्लंड देशांतील ज्याँ पियाजे नांवाच्या मानसशास्त्रज्ञानें १९३२ सालीं मुलांच्या नीतिविचारावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. हा विद्वान जमिनीवर बसून मुलांबरोबर गोट्या खेळे आणि त्यांना विचारी, हे खेळाचे नियम कोणी केले, ते बदलतां येतील काय? अगदीं लहान मुलें सांगत कीं नियम बापानें केले, कोणी म्हणे देवानें केले, आणि ते बदलणें हें पाप आहे. मौज अशी कीं हींच मुलें खेळतांना मनास येईल तसें खेळत! नियम पवित्र, आणि वागणूक आपल्या सोयीची. दोन्ही एकाच वेळीं, आणि त्यांत विसंगति आहे हें त्यांच्या ध्यानींहि येत नसे. मग तो त्यांस दोन गोष्टी सांगे. एका मुलाला जेवावयास हांक आली, त्यानें दार लोटलें, दाराआड पंधरा पेले होते ते फुटले. दुसऱ्यानें आई घरीं नसतां चोरून मुरंबा काढतांना एक पेला फोडला. जास्त वाईट कोण? लहान मुलें म्हणत, पहिला. त्यानें पंधरा फोडले. मोठीं झालेलीं मुलें मात्र कोणाच्या मनांत काय होतें हें विचारूं लागत.

पेले मोजतां येतात, मन मोजतां येत नाहीं. म्हणून मोजण्याजोगें जें असेल तें धरावें असें आपल्यांतल्या लहान मुलास वाटतें, आणि तें मूल साठ वर्षांच्या माणसांतहि बसलेलें असतें. पुदिना, शेपू व जिरें यांचा दशांश मोजणाऱ्या शास्त्र्यांस प्रभूनें न्याय व दया यांची आठवण दिली, ती याचसाठीं. गलतीकरांच्या पत्रांत पौलानें नियमशास्त्राला बालरक्षक म्हटलें आहे. मुलाला हातीं धरून शाळेंत पोंचविणाऱ्या गड्याची निंदा कोणी करीत नाहीं. परंतु मूल जाणतें झालें तरी त्याच गड्याचा पदर धरून बसूं लागलें, तर आईबापांस काळजी वाटूं लागते.

मोठमोठ्या देवभक्तांनाहि हें चुकलें नाहीं. १५२९ च्या आक्टोबर महिन्यांत हेस प्रांताचा अधिपति फिलिप यानें मार्टिन लूथर व झ्विंग्ली या दोघां सुधारकांस मारबुर्ग येथील आपल्या किल्ल्यांत एकत्र बसविलें. पंधरा कलमांपैकीं चौदांवर त्यांचें एकमत झालें. उरलें प्रभुभोजनाचें, आणि तेथेंहि भांडण होतें तें भाकरीविषयीं प्रभूनें उच्चारलेल्या एका लहानशा वाक्याचें. लूथरानें तें वाक्य आधींच मेजावर खडूनें लिहून वरून कापड पसरलें होतें. वाद रंगला तेव्हां त्यानें कापड ओढून बोटानें अक्षरें दाखविलीं. झ्विंग्लीचें म्हणणें, प्रभु स्वतःला द्वार म्हणाला, द्राक्षवेल म्हणाला, तसेंच हें आहे. लूथर ढळला नाहीं, आणि निघतांना झ्विंग्लीला बंधु म्हणून मान्य करावयास त्यानें नकार दिला. दोन वर्षांनीं झ्विंग्ली काप्पेलच्या लढाईंत मेला.

दोघांपैकीं बरोबर कोण हें येथें ठरवावयाचें नाहीं. त्यावर आजहि आपल्या निरनिराळ्या मंडळ्यांचीं मतें निराळीं आहेत. मी पाहतों तें लूथराच्या बोटाकडे. हाच मनुष्य १५२१ सालीं वर्म्स येथें बादशहापुढें एकटा उभा राहिला होता, आणि त्या वेळीं देवाच्या वचनावांचून त्याच्यापाशीं दुसरा आधार नव्हता. मला वाटतें, त्या दिवसापासून कोणी एखादा शब्द किंचित् सैल केला कीं आपल्या पायांखालची फळी सरकते आहे असें त्याला भासत असावें. भीतीनें धरलेलें अक्षर असें असतें. बुडणाऱ्या माणसाची मूठ उघडत नाहीं. आणि त्या मुठींत कधीं कधीं शेजाऱ्याचा गळा सांपडतो.

आणि आपण मराठी लोक ज्या अक्षरासाठीं भांडतों तें तरी कोणतें? प्रेषितांनीं ग्रीक भाषेंत लिहिलें. मराठींत नवा करार प्रथम श्रीरामपूर येथें केरी साहेबांच्या देखरेखीखालीं १८११ सालीं छापून निघाला. पंडिता रमाबाईंनीं साध्या बायकांना समजेल असें संपूर्ण शास्त्राचें भाषांतर केलें. तें त्यांच्या मरणानंतर दोन वर्षांनीं, १९२४ सालीं, बाहेर पडलें. या प्रत्येकाला प्रत्येक ओळीपाशीं थांबून ‘येथें अर्थ काय?’ असें विचारावें लागलें आहे. अर्थ केल्यावांचून आपल्या हातीं एकहि शब्द आलेला नाहीं.

तर मग अक्षर सोडून द्यावें काय? मुळींच नाहीं. ‘आत्मा पाहा, अक्षर नको’ असें म्हणणाऱ्यांतहि लबाड असतात. दशांशाची वेळ आली म्हणजे त्यांना आत्मा फार आठवतो. आणि गरिबाला कित्येकदां अक्षराचाच आधार असतो. सातबारावर नांव नसलेल्या विधवेला जाऊन विचारा. प्रश्न इतकाच कीं अक्षर वाचतांना माणूस कोठें उभा आहे, मध्यें कीं दाराबाहेर? गणनाच्या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायांत सलाफहादाच्या पांच मुली दर्शनमंडपाच्या दारापाशीं, मोशे, याजक, सरदार व सर्व मंडळी यांच्यासमोर उभ्या राहिल्या. बापाला मुलगा नव्हता, म्हणून त्याचें वतन बुडत होतें. मोशे म्हणाला नाहीं कीं रीत अशी आहे, तुम्ही घरीं जा. त्यानें त्यांचें प्रकरण परमेश्वरापुढें नेलें. आणि उत्तर आलें कीं या मुलींचें म्हणणें बरोबर आहे. नियमांत नवें कलम पडलें, आणि तेंहि अक्षरांतच लिहून ठेविलें गेलें.

आतां मला माझ्याविषयीं सांगितलें पाहिजे. हें लिहावें कीं न लिहावें याचा मीं पुष्कळ दिवस विचार केला.

पूर्वीं मी एका खेड्यांतील मंडळींत वडील व चिटणीस होतों. आमच्या नियमांत एक कलम होतें : जो सभासद लेखी कारण न कळवितां लागोपाठ तीन प्रभुभोजनांस गैरहजर राहील, त्याचें नांव पटावरून कमी करावें. आमच्यांत एक विधवा बाई होती. दिवाळीनंतर ती दोन मुलांस घेऊन ऊस तोडावयास जाई आणि चैत्रांत परत येई. एका वर्षीं तिचीं तीन प्रभुभोजनें चुकलीं. मीं वहींत रेघ ओढली. वैशाखांतल्या रविवारीं ती धुतलेलें लुगडें नेसून येऊन बसली. पाळकांस मीं पट दाखविला. भाकरीचें ताट माझ्याच हातांत होतें; तें मीं तिच्यापुढून नेलें. उपासना आटपल्यावर ती दाराशीं उभी होती. रागावली नाहीं, रडली नाहीं. एवढेंच म्हणाली, ‘अण्णा, मला लिहितां येत नाहीं, हें तुम्हांला ठाऊक होतं.’

‘नियमांत आहे,’ असें मी म्हणालों.

पुष्कळ दिवस मला वाटत राहिलें कीं मीं मंडळीची शिस्त राखली. मग एके रात्रीं पट चाळीत असतां माझ्या ध्यानांत आलें कीं नोकरीसाठीं पुण्यास गेलेला आमचा एक खाऊनपिऊन सुखी सभासद त्याच वर्षीं चार वेळां गैरहजर होता, आणि त्यानें एक ओळहि लिहिली नव्हती. त्याच्या नांवावर रेघ नव्हती. मीं ती जाणून टाळली असेंहि नव्हे. मला तें सुचलेंच नव्हतें. आणि त्या बाईच्या वेळीं मात्र तें कलम इतक्या चटकन् कसें आठवलें? बंधुजनहो, तिच्या मेलेल्या नवऱ्याचें आणि माझ्या थोरल्या भावाचें विहिरीच्या पाळीवरून भांडण होतें. मी त्या भांडणांत पडलों नव्हतों. मला वाटे, माझ्या मनांत त्याचें कांहीं नाहीं. कलमानें माझ्यासाठीं तें मनांत ठेविलें होतें. मीं तिला शिवी दिली असती तर मला स्वतःचा राग दिसला असता. नियम वाचून दाखविला, म्हणून दिसला नाहीं. सभास्थानांतले ते गप्प बसलेले लोक कोण होते, हें मला त्या रात्रीं कळलें.

दुसऱ्या दिवशीं मी तिच्या दाराशीं गेलों. ती भाकरी थापीत होती. मीं काय बोललों तें सांगत नाहीं. तिनें चुलीपुढून उठून मला बसावयास पोतें दिलें आणि पाण्याचा तांब्या पुढें केला.

पंचांची सभा भरली तेव्हां मीं ठराव मांडला कीं बाईचें नांव पुन्हा पटावर घ्यावें, आणि तिला स्वतःला सभेंत बोलावून तिचें म्हणणें ऐकावें. एका पंचानें विचारलें, कोणत्या कलमान्वयें? तसें कलम आमच्या वहींत नव्हतें. ती आली, मधोमध उभी राहिली, ऊसतोडीच्या फडावर रविवार नसतो हें तिनें सांगितलें, आणि तिचीं मुलें तेथें रात्रीं झोंपण्यापूर्वीं प्रभूची प्रार्थना म्हणतात हेंहि सांगितलें. ठराव पास झाला. मीं तिचें नांव पुन्हा लिहिलें. त्या ओळीच्या शेवटीं कलमाचा आंकडा घालण्याचा रकाना आहे, तो मीं कोरा ठेविला. आणि पुढल्या सभेंत लेखी हा शब्द काढून टाकावा अशी सूचना मांडली.